शंभरातलं एक मेंढरू आणि वर्गातली सोळा पोरं

प्रश्न असा आहे. सोलापुरातल्या एका मंडळीत एका ताईंकडे यंदाच्या जूनपासून संडे स्कूलचा सगळ्यात लहान वर्ग आला आहे. तीन ते पाच वर्षांची सोळा मुलं, रविवारी सकाळी एक तास, मोठ्यांची उपासना चालू असताना शेजारच्या खोलीत. हातात छापील पुस्तक: दर रविवारी नवा पाठ, पाठाखाली पाच प्रश्न आणि एक वचन. त्या लिहितात, "मुलं पाच मिनिटंही बसत नाहीत. दोघांना मराठी नीट येत नाही. एक जण आईचा पदर सोडत नाही. गेल्या रविवारी नोहाची गोष्ट सांगितली तर एक मुलगी हमसून रडायला लागली. वचन तर एकाचंही पाठ नाही. माझं काय चुकतंय?"

ताई, जय ख्रिस्त. चुकतंय ते जास्त त्या पुस्तकाचं, तुमचं थोडंच. ते पुस्तक आठ-दहा वर्षांच्या मुलांचं आहे. कुणीतरी त्यातली अवघड वाक्यं गाळली आणि वर 'शिशुवर्ग' असं छापलं. मोठ्या भावाची पँट दुमडून धाकट्याला घालावी तसं. मी सव्वीस वर्षं हाच वर्ग घेते, आणि त्यातली पहिली पाच-सहा वर्षं मीसुद्धा तेच करत होते. आठवडाभर बालवाडीत पोरांबरोबर मातीत बसायचे, आणि रविवारी चर्चमध्ये आलं की इस्त्रीची साडी नेसून 'बसा, ऐका, माझ्यामागून म्हणा'. बालवाडीत रोज कळत होतं ते रविवारी कसं विसरत होते, देव जाणे.

ही 'बसा, ऐका, म्हणा'ची सवय आली कुठून ते सांगते, म्हणजे तुम्हाला ती मोडताना अपराधी वाटणार नाही. इंग्लंडातल्या ग्लॉस्टर गावात १७८० मध्ये रॉबर्ट रेक्स यांनी रविवारची शाळा चालू केली ती कामावर जाणाऱ्या पोरांसाठी. आठवड्याचे सहा दिवस ती पोरं राबत, रविवार तेवढा मोकळा. त्यांना लिहायला-वाचायला शिकवायचं होतं आणि वाचायचं पुस्तक होतं बायबल. म्हणून धडा, प्रश्नोत्तरं, घोकणं. आपल्या जुन्या गिरणीत आयुष्य काढलेल्या आजोबांना यातलं सगळं न सांगता कळेल. पण ती मुलं वाचू शकण्याच्या वयाची होती. तुमच्या सोळांतल्या निम्म्यांना अजून चपलेचा डावा-उजवा पाय कळत नाही.

मंडळीतले कुणी वडीलधारे म्हणतील, "प्रभूच्या घरात पोरांना खेळायला आणता का?" माझ्याही वाट्याला हे आलंय. मी त्यांना पंडिता रमाबाईंचं नाव सांगते. रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या तेव्हा तिथली किंडरगार्टनची, म्हणजे खेळातून शिकवायची जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलची पद्धत त्यांनी शिकून घेतली. त्याच रमाबाईंनी पुढे केडगावला बसून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. एकाच बाईच्या हातात दोन्ही गोष्टी होत्या. एवढं सांगितलं की बहुतेक जण गप्प होतात. जे होत नाहीत त्यांना मी एका रविवारी वर्गात मदतीला बोलावते.

आता मुद्द्याचं. नीतिसूत्रे २२:६ आपण सगळ्यांनी भिंतीवर लावलंय: "मुलाच्या स्थितीस अनुरूप असे शिक्षण त्याला दे." त्यातला 'स्थिती' हा शब्द मी खूप उशिरा नीट वाचला. तुमच्या वर्गातल्या मुलाची रविवारी सकाळी साडेनऊला स्थिती काय असते? झोप अर्धवट. नवे कपडे टोचतायत. आपल्याकडे पाणी काही रोज येत नाही, त्यामुळे पाण्याची पाळी रविवारी आली तर घरात घागरी-बादल्यांची धावपळ झालेली असते आणि न्याहारी राहून गेलेली असते. आई दिसेनाशी झाली की जग बुडालं. अशा मुलाला पहिल्यांदा काय कळायला हवं? की इथं मला कुणीतरी ओळखतं, माझं नाव ठाऊक आहे. मी सव्वीस वर्षांत इतकंच एक शिकले आणि माझा सगळा वर्ग त्याभोवती बांधला: नाव घेऊन हाक मारणं.

पवित्र शास्त्रात बघा, लहानांना सांगता येतील अशा किती गोष्टी नावानं मारलेल्या हाकेवर उभ्या आहेत. रात्री झोपलेल्या शमुवेलाला देव हाक मारतो, आणि त्याला वाटतं एली आजोबांनी बोलावलं. उंबराच्या झाडावर चढून बसलेल्या जक्कयाला येशू थेट नावानं म्हणतो, खाली ये. कबरेपाशी रडणारी मरीया येशूला माळी समजते, आणि तो "मरीये" म्हणतो तेव्हा ओळखते. आणि उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना ज्याच्या त्याच्या नावानं हाक मारतो, योहानाच्या दहाव्या अध्यायात. या चार गोष्टींवर माझे चार महिने जातात. वर्षभरात मी एकूण दहा-अकरा गोष्टी सांगते, बास. एक गोष्ट चार रविवार. तुमच्या पुस्तकात बावन्न असतील. त्या पुस्तकातली चित्रं कापून घ्या, चांगली असतात.

चार रविवार तीच गोष्ट म्हटल्यावर मुलं कंटाळतील असं तुम्हाला वाटेल. कंटाळतो तो आपण. घरी तेच मूल आजीकडून चिमणी-कावळ्याची गोष्ट शंभराव्यांदा ऐकतं आणि आजीनं एक शब्द बदलला तर ओरडतं. पहिल्या रविवारी ती गोष्ट त्यांच्या अंगावरून जाते. दुसऱ्या वेळी दोन-तीन जणांना कळतं पुढे काय होणार. तिसऱ्या वेळी ती स्वतः सांगतात. चौथ्या वेळी त्यात खेळतात, आणि शिकणं खरं तिथं चालू होतं.

मेंढराची गोष्ट मी कशी घेते ते तपशिलात सांगते, कारण बाकीच्या तुम्ही त्यावरून बसवाल.

आधी मेंढरं. आपल्या गावात टर्किश टॉवेलच्या चिंध्यांना तोटा नाही. कुणाच्याही ओळखीत एखादा कारखानेवाला निघतो. ते कापड हाताला अगदी लोकरीसारखं लागतं. पुठ्ठ्याची मेंढरं कापून त्यावर चिकटवायची, वीतभर नको, मुलाच्या मुठीत मावेल एवढी. सोळा मुलांची सोळा, आणि नव्या येणाऱ्यांसाठी चार जास्त. प्रत्येकाच्या पोटावर मुलाचं नाव. मुलांना वाचता येत नाही, म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचं सूत. हीच माझी हजेरी. मूल आलं की मी खाली बसते, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला, नाव घेते आणि त्याचं मेंढरू हातात देते. त्यानं ते नेऊन मेंढवाड्यात ठेवायचं. दोन खुर्च्यांवर सोलापुरी चादर टाकली की झाला मेंढवाडा. तुमचा आईचा पदर न सोडणारा मुलगा आहे ना, त्याच्या आईलाही बसू द्या वर्गात, दाराशी. माझ्याकडे एका आईनं असे दोन महिने काढले. नवव्या रविवारी त्यानं तिला स्वतः सांगितलं, "तू जा, मला मेंढरं राखायच्यात."

मग गोष्ट. चार-पाच मिनिटं, जास्त नाही. मी 'मेंढपाळ' या शब्दापासून चालू करत नाही, 'धनगरबाबा' म्हणते. आपल्या पोरांनी विजापूर रोडला किंवा होटगीकडे जाताना मेंढरांचा कळप रस्ता अडवून चाललेला बघितलेला असतो, रिक्षावाला हॉर्न वाजवत थांबलेला. त्यांना घोंगडी ठाऊक आहे, काठी ठाऊक आहे. एकदा एका भावांनी घोंगडीचा जुना तुकडा आणून दिला, तो मी अजून जपून ठेवलाय. प्रत्येक मूल त्यावरून हात फिरवतं आणि म्हणतं, "टोचतंय." टोचू दे की.

"एका धनगरबाबाची शंभर मेंढरं होती. संध्याकाळ झाली की तो मोजायचा. एक, दोन, तीन, चार..." इथं सगळे बोटं काढून मोजतात. शंभरापर्यंत जायचं नाही, दहापर्यंत पुरे, पुढे 'खूप खूप' म्हणायचं. "एक दिवस मोजली, तर एक कमी. पुन्हा मोजली. एक कमीच." इथं मी थांबते, काही बोलत नाही. या शांततेत मुलं स्वतःहून वाकून चादरीखाली बघतात. "मग बाबा काय म्हणाला? जाऊ दे, खूप आहेत माझ्याकडे?" सगळी ओरडतात, "न्हाय!" मग शोधायचं. डोंगरावर चढायचं, काट्यांतून वाकून जायचं, ओढ्यातून उडी मारायची, सगळं खोलीभर, अंगानं. ज्यांना पाच मिनिटं बसवत नाही तीच पोरं इथं वीस मिनिटं गोष्टीत असतात. आणि मेंढरू सापडलं की बाबा रागावतो का? खांद्यावर घेतो. घरी येऊन शेजाऱ्यांना बोलावतो, "या रे, माझं मेंढरू सापडलं." मग आम्ही टाळ्या वाजवतो, कुणाच्या तरी घरून आलेले चुरमुरे खातो. लूकच्या पंधराव्या अध्यायात एवढंच तर आहे: हरवलं, शोधलं, सापडलं, सगळ्यांना बोलावलं.

आणि इथं गप्प बसायचं. मला माहीत आहे, जीभ शिवशिवते. "तर मुलांनो, यावरून आपण काय शिकतो? आपण आईबाबांचं ऐकलं पाहिजे, नाहीतर त्या मेंढरासारखं..." नको. एका वाक्यात तुम्ही शोधणाऱ्याची गोष्ट हरवणाऱ्याची करून टाकता, आणि मूल प्रेमाऐवजी दटावणी घेऊन घरी जातं. रोममध्ये सोफिया कावालेत्ती नावाच्या बायबलच्या अभ्यासक होत्या. त्यांनी जान्ना गोब्बी या माँटेसोरी शिक्षिकेबरोबर १९५४ मध्ये लहान मुलांचं असंच काम सुरू केलं. त्यांनीही सहा वर्षांखालच्या मुलांसाठी उत्तम मेंढपाळच मध्यावर ठेवला. चांगलं-वाईट वागण्याचे धडे त्या सहाच्या पुढे नेतात. आधी मुलाला कुणाचं तरी असल्याचा भरवसा येऊ दे, मग वागणुकीचं बोलू, असा त्यांचा क्रम. त्या कॅथलिक, मी आपली जुन्या अमेरिकन मिशनच्या घरातली. पण पोरांच्या बाबतीत आमचं एकमत आहे.

तात्पर्य सांगितलं नाही तर मुलांना कळेल का? तिसऱ्या-चौथ्या रविवारी बघा. एकदा एक मुलगा तापानं आला नव्हता. हिरव्या सुताचं मेंढरू डब्यातच राहिलं. मोजणी झाली, आणि एक चार वर्षांची मुलगी म्हणाली, "टीचर, एक कमी हाय. त्याच्या घरी जायचं का?" मी गोष्टीचा अर्थ समजावला असता तर ती हे बोलली नसती. (गेलो आम्ही. ती, तिची आई आणि मी. मेंढरू त्याच्या उशाशी ठेवून आलो. ते परत आलं नाही, मला नवं करावं लागलं.)

आता तुमच्या रडणाऱ्या मुलीकडे येते. तिनं बरोबर ऐकलं, म्हणून ती रडली. नोहाचं तारू आपण हत्ती-जिराफाची गंमत म्हणून सांगतो, भिंतीवर तसं चित्र रंगवतो. पण गोष्ट पुराची आहे आणि ज्यांना तारवात जागा मिळाली नाही त्यांचीही आहे. शहाणं मूल विचारतंच, "बाकीच्यांचं काय झालं?" माझ्या मते ही गोष्ट सात वर्षांच्या पुढची. अब्राहामानं इसहाकाला वेदीवर ठेवलं तीही नको. 'बाबा मला असं करतील का' हा प्रश्न त्या वयात दुसऱ्या कुठल्याही अर्थाला जागा ठेवत नाही. दावीद आणि गल्याथ मी एकदा सांगितली, गोफणीसकट. ज्वारीच्या रानात पाखरं राखायला गोफण वापरतात हे अर्ध्या पोरांना माहीत होतं. पुढच्या रविवारी एकाच्या कपाळाला टेंगूळ. तेव्हापासून दावीद माझ्या वर्गात फक्त मेंढरं राखतो. त्या मुलीला जवळ घ्या आणि सांगा, "तुला वाईट वाटलं, मलाही ही गोष्ट ऐकून वाईट वाटतं." पाऊस पडायला लागला की देव रागावला असं ती घरी म्हणते का, हे तिच्या आईला विचारून ठेवा. म्हणत असेल तर महिनाभर वादळ शांत करणारा येशू घ्या. तो होडीत उशीवर झोपलेला असतो. निळी साडी दोन्हीकडून धरून हलवायची, जोरात, मग हळू, मग अगदी थांबायचं. मुलांना ते थांबणंच फार आवडतं.

या वयाचं मूल शब्द जसाच्या तसा घेतं, हे मानसशास्त्रवाले मोठमोठ्या नावांनी सांगतात. तुम्हाला दोन रविवारांत कळेल. "येशू तुझ्या हृदयात येतो" म्हटल्यावर एका मुलानं विचारलं होतं, "मग मी जेवलो तर त्याच्या अंगावर सांडंल का?" मी एकदा "येशू जगाचा प्रकाश आहे" शिकवत होते आणि लाइट गेली. पुढचं तुम्हीच समजा. सगळ्यात जपून वापरायचा शब्द म्हणजे झोप. आपल्यात कुणी वारलं की आपण म्हणतो, प्रभूमध्ये झोपी गेले. मोठ्यांना त्यात दिलासा असतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं आजी गेल्यावर आठवडाभर झोपायलाच नकार दिला. तिच्या घरच्यांना कारण कळेना. तेव्हापासून मी सरळ सांगते: आजी मेली, तिचं शरीर आता काम करत नाही, ती आपल्याला दिसणार नाही, आणि येशू तिला सांभाळतो. मूल पुन्हा विचारील, चार वेळा विचारील. चारही वेळा तेच सांगायचं.

'देव बघतोय हं' ही धमकी वर्गात चालू देऊ नका. मदतनीस ताया हमखास देतात. देव पोलीस नाही.

वचनांचं. पास्टरांना वचनं हवी असतात, आणि हवीतच. पण छोटी. "देव प्रीती आहे", तीन शब्द. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" हे मेंढराच्या चार आठवड्यांत आपोआप तोंडात बसतं, कारण प्रत्येक वेळी मेंढरू हातात असतं. पुढचा अर्धा भाग मी पूर्वी घेत होते. "मला काही उणे पडणार नाही." एप्रिल महिना, बाहेर बेचाळीस डिग्री. एक पोरगं भक्तिभावानं म्हणतंय, "मला काही ऊन पडणार नाही." मी दुरुस्त करायला गेले आणि मग म्हटलं, सोलापुरात याहून मोठी प्रार्थना कुठली? त्याच्या आईला तेवढं कानात सांगितलं की उणे म्हणजे कमी. वर्षाला पाच-सहा वचनं पुरे. बक्षीस म्हणून चॉकलेट नको. ज्याला पाठ होत नाही तो चॉकलेट नाही म्हणून रडतो, वचन नाही म्हणून नाही. परीक्षा असेल तर ती मोठ्या वर्गाला असू द्या, आपल्या वर्गाचं नाव यादीतून काढायला सांगा. भांडावं लागलं तर भांडा.

भाषेचं तुम्ही ओझं मानताय, मी तर त्याला चैन म्हणते. सोलापुरात एकाच चटईवर तेलुगू, कन्नड, मराठी, हिंदी बोलणारी पोरं बसतात. मेंढराला कन्नडमध्ये कुरी, तेलुगूत गोऱ्ऱे. मी मोजणी तिन्ही भाषांत घेते. मला तेलुगू आकडे एका पोराच्या आजीनं शिकवले. ज्या दोघांना मराठी येत नाही ती त्या दिवशी वर्गाची शिक्षक होतात, आणि आपलं नाव-गाव-भाषा इथं चालते हे त्यांना कळलं की मराठी पुढच्या दोन महिन्यांत येतं. पवित्र शास्त्रातली मराठी मात्र कुणाच्याच घरची नाही, मराठी मुलांच्यासुद्धा. म्हणून मी असं करते: मोठं, जाड, काळं पुस्तक मांडीवर उघडते, त्यातलं एकच वाक्य हळू वाचते, आणि बाकी गोष्ट आपल्या बोलीत सांगते. ते पुस्तक मुलांना दिसायलाच हवं. हत्ती-सशाच्या गोष्टी कुठूनही येतात, ही गोष्ट या पुस्तकातून येते, हे त्यांना डोळ्यांनी कळतं. पान उलटायची पाळी दर रविवारी वेगळ्या मुलाची. फाटलीत दोन पानं आजवर. चिकटवलीत.

पाच भाकरी आणि दोन मासे ही आपल्या गावासाठीच लिहिल्यासारखी गोष्ट आहे. ती चारही शुभवर्तमानांत आहे, पण भाकऱ्या एका मुलाच्या होत्या हे फक्त योहान सांगतो. म्हणून मी योहानाची घेते. त्या जवाच्या भाकरी होत्या, आपली ज्वारीची चालते. आयांना आधी निरोप द्यायचा: कडक भाकरी आणा. कडक भाकरी मोडताना जो आवाज होतो ना, कटकन, त्याला सगळी पोरं कान देतात. एक मोडली, दिली, अजून आहे. परत मोडली, दिली, अजून आहे. पाच हजार हा आकडा सांगू नका, "सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला असतात तेवढी माणसं" म्हणा. बारा टोपल्या उरल्या ही गंमत मात्र सांगा. एका मुलीनं विचारलं, "चटणी कुणी आणली होती?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या रविवारी तीच शेंगा चटणी घेऊन आली. चटणी चालते, पण अख्खे शेंगदाणे लहानांच्या हातात देऊ नका, घशात अडकतात. कुणाला शेंगदाणा चालत नाही हेही आयांना आधी विचारून घ्या.

क्रूसाची गोष्ट टाळू नका, ती ही मुलं मोठ्यांच्या तोंडून ऐकतातच. पण रक्त, खिळे, काट्यांची चित्रं, पडद्यावरचे सिनेमे या वर्गाला नकोत. माझं सांगणं एवढंच असतं: काही माणसांना येशू आवडत नव्हता, त्यांनी त्याला मारलं, तो मेला, त्याचे मित्र खूप रडले, आणि तिसऱ्या दिवशी तो जिवंत होऊन बागेत आला आणि म्हणाला, "मरीये." शुक्रवार आणि रविवार एकाच बैठकीत. शुक्रवारी थांबून पोराला आठवडाभर त्या अंधारात घरी पाठवायचं नाही.

नाताळच्या कार्यक्रमाचं थोडक्यात. संवाद नको, माईक नको. तुमच्या वर्गाकडे आयतीच मेंढरं आहेत. मेंढपाळांच्या देखाव्यात सोळा पोरं गुडघ्यांवर रांगत यावीत आणि एकानं जांभई द्यावी, मंडळी खूश. नोव्हेंबर-डिसेंबरचे सगळे रविवार तालमीत घालवले तर त्या दोन महिन्यांत मुलांनी गोष्ट ऐकलेलीच नसते. आणि जानेवारीत गड्डा असला की निम्मा वर्ग जत्रेत असतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

थोड्या कोरड्या गोष्टी, पण त्या आधी हव्या होत्या. सोळा मुलांना दोन मोठी माणसं कमीत कमी, तीन असतील तर उत्तम. एकट्या माणसानं बंद दारामागे मुलांबरोबर राहायचं नाही, मग ते पास्टरांचे सख्खे भाऊ का असेनात. संडासला नेताना बाई असावी आणि दार अर्धं उघडं. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा २०१२ चा पोक्सो कायदा चर्चलाही लागू आहे, आणि कायदा नसता तरी हे करायचंच. मूल घ्यायला कोण येणार ते वहीत लिहून ठेवा; "मी त्याचा काका" एवढ्यावर कुणाच्या हाती पोर देऊ नका. शेजारची दुसऱ्या धर्माची मुलं मैत्रिणीबरोबर येतात, माझ्याकडेही येतात. त्यांच्या आईबापांना इथं काय चालतं ते मी स्वतः जाऊन सांगते, आणि ते हो म्हणाले तरच घेते. एप्रिल-मेमध्ये वर्ग आठला घ्या, माठ खोलीतच ठेवा.

तासाची आखणी विचारली नाहीत, तरी सांगते. पहिली पंधरा-वीस मिनिटं मेंढरं, मेंढवाडा आणि भिजवलेल्या कणकेशी खेळ, कारण उशिरा येणारे येतच राहतात. मग एक गाणं, हातवाऱ्यांचं. मग गोष्ट, मग गोष्टीत खेळणं. प्रार्थना शेवटी, मुलांच्या शब्दांत. "प्रभू, माझा कुत्रा बरा कर" ही पुरती प्रार्थना आहे, तिला शेपूट जोडू नका. मग खाऊ. जाताना दाराशी प्रत्येक आईला एक वाक्य: "आज आम्ही हरवलेलं मेंढरू शोधलं." म्हणजे घरी विचारायला तिच्याकडे काहीतरी असतं.

येत्या रविवारी पुस्तक घरी ठेवून जा. आधी मेंढरं करायला बसा, सोळा मेंढरांना दोन संध्याकाळी लागतात. डिंकापेक्षा फेव्हिकॉल बरा. आणि पिशवीत दोन जादा चड्ड्या आणि एक फडकं ठेवाच. त्या वादळाच्या गोष्टीला दर वेळी कुणाची तरी भिजते.